तंबाखूवरचा खोटा आळ

निपाणीत कुणी गेलं की भेटायला येणारे लोक जाजमावर टेकतात, थोडा वेळ खाली बघतात, उसासा टाकतात आणि मग विचारतात, "कशानं गेले?" या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरनं द्यायचं नसतं. ते जाजमावर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसानं द्यायचं असतं. पहिल्या दिवशी तो जे बोलेल ते संध्याकाळपर्यंत गल्लीत आणि दहाव्यापर्यंत सगळ्या पाहुण्यांत पोचतं. पुढं ते बदलायचं म्हटलं तर मेलेल्या माणसालाच परत यावं लागेल.

आमच्या आप्पांच्या वेळी ते उत्तर काकांनी दिलं. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. गालात धरलेला तंबाखूचा बार जिभेनं एका बाजूला सारून ते म्हणाले, "तंबाखूनं खाल्लं."

"व्हय की," समोरचे एकजण म्हणाले. "वखारीत जलम काढल्यावर दुसरं काय हुणार."

"लई वाईट चीज," दुसऱ्यानं दुजोरा दिला आणि चंची उघडली. तंबाखू मळून झाला, चुन्याची डबी फिरली, चिमूटचिमूट सगळ्यांच्या तळहातावर गेली. तंबाखूनं मारलेल्या माणसाचा दुखवटा इतक्या मनापासून कुठं पाळला गेला असेल असं मला वाटत नाही.

मी काकांच्या शेजारी बसलो होतो. मी तेव्हा बेळगावच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो, त्यामुळं एकदोघांनी माझ्याकडं बघितलं. शिकलेल्या माणसानं दुजोरा दिला की बरं असतं. मी मान हलवली.

आप्पांनी आयुष्यात तंबाखू तोंडात घातला नव्हता, विडी ओढली नव्हती, तपकिरीला बोट लावलं नव्हतं. ते तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, एवढाच त्यांचा तंबाखूशी संबंध. त्यांच्या धोतराला, टोपीला, डब्यातल्या भाकरीला तो वास असे. निपाणीच्या स्टँडवर उतरलेला परगावचा पाहुणा आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो. आम्हाला तो वास कधी आलाच नाही. अशा गावातला, अशा नोकरीतला माणूस कॅन्सरनं गेला म्हटल्यावर कुणी आणखी चौकशी कशाला करील?

तंबाखूनं आमच्या भागात किती घरं बुडवली हे मी बघितलं आहे. मला त्याची वकिली करायची नाही. पण आप्पांच्या बाबतीत तो निर्दोष होता. हे माहीत असलेली मोजकी माणसं होती, त्यांतला मी एकटाच आता शिल्लक आहे. शहाणी माणसं लवकर जातात आणि साक्षीदार म्हणून माझ्यासारखे उरतात.

आप्पांना झाला होता तो स्तनाचा कॅन्सर. हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांच्यासाठीच काकांनी तंबाखू शोधून काढला होता.

शहात्तर-सत्याहत्तरचा सुमार असेल. आप्पांच्या बनियनला डाव्या बाजूला एक पिवळट डाग दिसू लागला. आईला वाटलं केसतूड आहे. तिनं कांदा भाजून त्याचं पोटीस बांधलं. केसतूड पिकेना, फुटेना, आणि हाताला वाटाण्याएवढं लागणारं ते सुपारीएवढं झालं. मी सुट्टीला घरी आलो तेव्हा आप्पांनी मला माडीवर नेलं, दाराला कडी घातली आणि बनियन वर केलं. बापानं मुलाला छाती दाखवण्यासाठी कडी घालावी लागते, तेव्हाच मला समजायला हवं होतं की आजारापेक्षा मोठं काहीतरी आमच्या घरात शिरलं आहे.

मिरजेला नेलं. गाठ काढली. मग किरणांचा शेक घ्यायला रोज जावं लागे. त्या खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं आणि बाकड्यावर सगळ्या बायका, पदर लपेटून बसलेल्या. आप्पा पहिल्या दिवशी भिंतीला लागून उभे राहिले. वॉर्डबॉयनं दार उघडून हाक दिली, "पुढच्या बाई या." आप्पांनी टोपी सारखी केली आणि पुढं झाले.

"पेशंटनं यायचं. मालकांनी भाईर थांबायचं."

"मीच हाय पेशंट," आप्पा म्हणाले.

बाकड्यावर कुणीतरी खुदकन हसलं. आप्पा आत जाऊन आले ते परत भिंतीकडंच निघाले, तेव्हा एक सांगलीकडची म्हातारी सरकली आणि म्हणाली, "बसा की अण्णा. हितं आमी समदी एकाच माळंची."

आप्पा बसले. दुसऱ्या आठवड्यात ते त्या बायकांशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते, आणि बाहेरच्या झाडाखाली मी उभा होतो. आमच्या दोघांत लाज कुणाला वाटत होती, हे कुणालाही दिसलं असतं.

शेक संपत आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाले, "हा आजार पुरुषाला फार क्वचित होतो. पण ज्या घरात पुरुषाला झालाय, त्या घरातल्या बायकांना मी पुढं या खोलीत बघितलेलं आहे. का, ते मला विचारू नका. मला माहीत नाही. तुम्हाला मुली आहेत?"

"एक हाय," आप्पा म्हणाले. "हिंडलग्याला दिलीया."

"तिला सांगून ठेवा. महिन्यातनं एकदा हातानं तपासून बघ म्हणावं. गाठ लागली तर दुखायची वाट बघू नको म्हणावं. एवढंच."

परतीच्या एस.टी.त आप्पा खिडकीबाहेर बघत होते. चिकोडी फाट्याच्या अलीकडं म्हणाले, "तू सांग रं आक्काला."

"आई सांगेल की."

"तुझी आई? तिनं अजून मलाच इचारलं न्हाय, काय कापलं म्हणून." थोड्या वेळानं म्हणाले, "मी लेकीला काय म्हणू? कसं म्हणू? तू मास्तर हैस. रोज सांगतोस पोरांस्नी."

"सांगतो," मी म्हणालो.

आप्पा त्यानंतर वर्षभर होते.

आता त्या वर्षात मी का सांगितलं नाही, याची कारणं देतो. कारणं माझ्याकडं कधीच कमी नव्हती. माझं लग्न जमत होतं. काकांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "बाईचा आजार झालता म्हणून बोभाटा झाला तर तुला पोरगी कोण देतंय? पोराच्या सदऱ्याखाली काय हाय ते आधी दावा म्हणत्याल." हे मला पटलं. वर्गात शरीररचना शिकवणाऱ्या, मिशी राखलेल्या, सायकलवरून पॅन्टला क्लिप लावून जाणाऱ्या माणसाला हे पटलं. पुरुषालाही ती ग्रंथी असते, थोडी असते, पण असते, हे माझ्या नोट्समध्ये होतं. पण नोट्स परीक्षेसाठी असतात.

लग्न झालं. आप्पा गेले. जाजम अंथरलं गेलं. काकांनी उत्तर दिलं आणि मी मान हलवली.

आक्काचं घर हिंडलग्याला. मी राहत होतो बेळगावात, खडेबाजाराच्या मागं. सायकलनं अर्धा तास, वारा समोरून असला तर थोडं जास्त. म्हणजे अंतराचं कारण देता येत नाही, नाहीतर तेही दिलं असतं. आक्का माझ्याहून मोठी. तिला तेव्हा एक मुलगा होता आणि कडेवर एक मुलगी. दाजी भाजीपाला आणि रताळी करत, आणि तो माल घेऊन आक्का बेळगावच्या बाजारात जात असे. मी तिच्याकडं सांगायला म्हणून जायचो आणि पेरूच्या कलमांबद्दल बोलून परत यायचो.

एकदा गेलो तर ती अंगणात रताळ्यांची माती झाडत बसली होती.

"आलास? बस. च्या ठेवते."

"नको."

"नको म्हणणारा एवढी सायकल मारत येत न्हाय." हातातलं रताळं तिनं पाटीत टाकलं. "बरं झालं आलास. एक इचारायचं हुतं. आप्पांनी तंबाखू कधी खाल्ला रं?"

"खाल्ला नाही. पण वखारीत सारखा वास…"

"वखारीत बायका बी हैत की. तंबाखू चाळत्यात, पाला झाडत्यात, तान्ही पोरं तंबाखूच्या बोदावर, गठ्ठ्यांवर निजवत्यात. आप्पा तर गादीवर बसून लिहीत हुते. मग त्या बायका धडधाकट, नि आप्पाच कसं गेले?"

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं असा प्रश्न विचारायला नको होता. पण विचारला, आणि मला मिळालेली ती सगळ्यात सोपी संधी होती. आप्पा तंबाखूनं गेले नाहीत आक्का, त्यांच्या छातीत गाठ होती, तू स्वतःला जप. एवढंच बोलायचं होतं. घराच्या पुढच्या सोप्यात तिची सासू तांदूळ निवडत होती. पलीकडं दाजी बैलाला पाणी दाखवत होते. 'छाती' हा शब्द त्या अंगणात मोठ्यानं कसा उच्चारायचा, या विचारात मी पडलो आणि त्याच वेळी मला एक फार चांगलं व्याख्यान सुचलं.

"बाईचं शरीर वेगळं असतं," मी सुरुवात केली.

"ते ठाऊक हाय मला. फुडं बोल."

"आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, म्हणजे बारीक दोऱ्यांसारखी. शरीर कसं चालवायचं ते सगळं त्यांत असतं. त्यातलं एक्स म्हणून एक असतं. बाईकडं ती दोन असतात. पुरुषाकडं एकच. त्याच्या जोडीला वाय असतं, पण ते आखूड, त्यात फारसं काही नाही. मग बाईचं एक बिघडलं तर दुसरं असतं. पुरुषाचं बिघडलं की संपलं. म्हणून पुरुषाला असले आजार लवकर धरतात."

आक्का हात थांबवून ऐकत होती. "म्हणजे जीपला मागं लावलेला असतोय तसा जादाचा टायर."

"तसंच."

"आमच्याकडं हाय नि तुमच्याकडं न्हाय."

"नाही."

"तरी एवढा रुबाब." तिनं मान वळवून हाक दिली, "अवो, ऐकलासा काय? तुमच्याकडं एकच हाय म्हणं."

"काय एकच हाय?" दाजींनी विचारलं.

"काय न्हाय. जपून ऱ्हावा."

आम्ही दोघंही हसलो. मी चहा घेतला, पिशवीभर रताळी घेतली आणि उताराला सायकल सोडून दिली. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

आक्काला ती गोष्ट फार आवडली. तिनं ती सासूला सांगितली, विहिरीवर सांगितली, बाजारात शेजारी बसणाऱ्या भाजीवाल्यांना सांगितली. "बाईमाणसानं भ्यायचं काम न्हाय. आमच्याकडं जादाचं हाय. माझा भाऊ प्रोफेसर हाय, त्यानंच सांगितलंय." माझ्या कॉलेजातल्या मुलांनी माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं. आयुष्यभराच्या अध्यापनात एका विद्यार्थिनीनं माझा एक धडा मनापासून पाठ केला, तो हा.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीत कधीतरी तिला गाठ लागली. लाजेनं लपवली असती तर मी म्हणालो असतो की बायका अशाच असतात. तिनं लपवली नाही. तिनं ती मनावरच घेतली नाही. जावेनं एकदा अंघोळीच्या वेळी बघून हटकलं तर म्हणाली, "मला दोन हैत की गं." सुगी झाली, रताळी निघाली, मुलाची दहावीची परीक्षा झाली. चोळीला डाग पडायला लागला तेव्हा एका सकाळी ती भाजीची पाटी आमच्या दारात उतरवून बायकोला म्हणाली, "एखादी लेडी डॉक्टर असली तर बघ गं. हे जरा त्रास द्यालंय."

बायको तिला घेऊन गेली. मागाहून मीही गेलो. तपासून झाल्यावर आक्का व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसली होती, शेजारी तिची मुलगी उभी, शाळेच्या कपड्यात. आक्कानं माझ्याकडं बघितलं.

"काय रं, माझी दोन्ही पंक्चर निघाली काय?"

ती हसत होती. मी म्हणालो, "असं काही नसतं आक्का." या विषयावर तिच्याशी बोललेलं माझं पहिलं खरं वाक्य हे.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावून विचारलं, "माहेरी कुणाला होतं का?"

"न्हाय," आक्का म्हणाली. "आमचे आप्पा कॅन्सरनंच गेले, पण ते तंबाखूनं." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. प्रोफेसर भावानं दुजोरा द्यावा म्हणून.

"हो," मी म्हणालो.

तेव्हा खरं सांगून तिच्या गाठीत काय फरक पडणार होता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारत आलो. तिच्या गाठीत पडला नसता. पण तिची मुलगी शेजारी उभी होती.

आक्का पुढच्या दिवाळीआधी गेली. हिंडलग्याला जाजम अंथरलं. बायका आत, पुरुष बाहेर, मधे दार उघडं. कुणीतरी विचारलं, "कशानं गेली?" या वेळी उत्तर तिच्या सासूनं दिलं. वाईट बाई नव्हती ती; रडून तिचे डोळे सुजले होते. पण प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं.

"पोरगीला लौकर अंगावरनं तोडलं हिनं. बाजारला जायाचं म्हणून. दूध आतच गोठलं, तेची गाठ झाली. मी सांगत हुते."

पुरुषांच्या बाजूनं एकानं विचारलं, "माहेरात कुणाला हुतं काय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या भागात कुठलं गाव कुठल्या राज्यात, यासाठी लोक रस्त्यावर उतरतात, बसवर दगड टाकतात, पाट्यांना डांबर फासतात. घरातला सीमाप्रश्न मात्र जाजमावर बसूनच शांतपणे मिटतो. आजार माहेरचा की सासरचा, एवढंच ठरवायचं असतं. आणि कुठल्याही बाजूच्या पुरुषांचा त्यात संबंध नसतो.

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडं कुणाला नाही."

दाराच्या फळीला टेकून आक्काची मुलगी उभी होती. अकरा-बारा वर्षांची असेल. लवकर तोडलेली ती हीच.

आता थोडं शास्त्र सांगतो. माझं व्याख्यान द्यायचं कसब अजून गेलेलं नाही, आणि या खेपेला ते कामाला येईल.

पेशीतल्या दोऱ्यांवर काही जनुकं असतात, ती रफूवाल्याचं काम करतात. रोज कुठंतरी उसवतं, फाटतं, ती ते शिवतात. अशा एका जनुकाचीच मोडतोड झालेली असली तर फाटलेलं फाटलेलंच राहतं आणि कधीतरी त्यातून गाठ होते. आमच्या घरात फिरत असलेलं जनुक हे त्यातलं. ते एक्सवर नसतं आणि वायवरही नसतं. ते साध्या, सगळ्यांकडं सारख्या असणाऱ्या गुणसूत्रावर असतं. म्हणजे ते आईकडून येतं तसंच बापाकडून येतं, मुलीला जातं तसंच मुलाला जातं; प्रत्येक मुलाच्या वाट्याला ते यायची किंवा न यायची शक्यता निम्मी-निम्मी. फरक पुढं पडतो. बाईच्या छातीतल्या पेशी संप्रेरकांमुळं सतत वाढत-बदलत असतात, तिथं उसवतंही जास्त. म्हणून तिच्यात तो आजार दिसतो. पुरुषाच्या छातीत त्या पेशी जेमतेम, म्हणून बहुतेक पुरुष ते जनुक आयुष्यभर खिशात घालून हिंडतात, मुलींच्या हातावर ठेवतात आणि आजार बायकोच्या माहेरचा म्हणून मोकळे होतात. क्वचित एखाद्या पुरुषाला तो छातीत होतो. अशा पुरुषाच्या घरात ते जनुक असण्याचा संशय तर फारच बळकट. आप्पांच्या गाठीनं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही ते सांगणं तंबाखूच्या पुडीत बांधून टाकलं.

आणि जादाच्या टायरचं काय? इथं मला स्वतःचंच हसू येतं. त्या अंगणात मी जे बोललो ते वेळ मारून नेण्यासाठी होतं. एक्समुळं पुरुषांतच जास्त दिसणाऱ्या रंगांधळेपणाचा धडा मला पाठ होता, तो मी कॅन्सरला चिकटवून दिला. पण म्हातारपणी वाचायला वेळ मिळाल्यावर मला कळलं की त्यात तथ्य निघालं. स्तन वगैरे सोडले तर बहुतेक कॅन्सर पुरुषांना जास्त होतात. त्याला विडी-दारू जबाबदार आहेच, पण ती वजा केली तरी फरक उरतो. बाईच्या दोन एक्सपैकी एक बहुतांशी झोपलेलं असतं, तरी त्यावरची काही जनुकं जागी राहतात, आणि पेशीला आवर घालणारी काही जनुकं त्यांत आहेत. तिच्याकडं त्यांच्या दोन प्रती, पुरुषाकडं एक. शिवाय वाय हे गुणसूत्र वय झालं की काही पेशींतून चक्क नाहीसं होतं, आणि तेही बरं नसतं. ज्याच्या जोरावर आम्ही मिशीला पीळ दिला ते म्हातारपणी न सांगता निघून जातं. माझं किती शिल्लक आहे देव जाणे.

म्हणजे मी जे खोटं म्हणून रचलं ते शास्त्रज्ञांनी पुढं बरंचसं खरं ठरवलं, आणि जे खरं मला ठाऊक होतं ते मी सांगितलं नाही. जादाचा टायर होता आक्काकडं. फक्त तिची गाडी ज्या जागी मोडली तिथं तो लागणार नव्हता.

अलीकडं मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. बेळगावच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी, माझ्या नातीहून थोड्याच मोठ्या असतील, विचारलं, "घरात कुणाला कॅन्सर? स्तनाचा वगैरे?"

मी सवयीनं तोंड उघडलं. वडील तंबाखूनं, असं बाहेर पडणारच होतं. का कुणास ठाऊक, मिरजेचं ते बाकडं डोळ्यांपुढं आलं, सरकून जागा देणारी म्हातारी आली. मी म्हणालो, "बहिणीला. आणि वडिलांना."

"वडिलांना कशाचा?"

"स्तनाचाच."

त्यांचं लिहिणं थांबलं. त्या हसल्या नाहीत. एवढ्या वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं होतं आणि छत कोसळलं नव्हतं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. ते मोडकं जनुक माझ्यात आहे. प्रोस्टेटलाही ते हातभार लावतं म्हणे. त्या म्हणाल्या, "बहिणीची मुलं आहेत का? त्यांना बोलवून घ्या. तुमच्या स्वतःच्या मुलांनाही."

माझ्या मुलांना मी घरी बसवून सांगितलं. ती शहाण्यासारखी तपासून आली. भाचा-भाचीला एका रविवारी बोलावलं. भाचीची पन्नाशी झाली आहे, शिक्षिका आहे. भाचा तिच्याहून मोठा, बांधकामाचं सामान विकतो, त्याला दोन मुली. मी सगळं सांगितलं: मिरज, एस.टी., अंगण, जाजम. काही गाळलं नाही.

भाची म्हणाली, "म्हणजे माझं दूध तोडलं म्हणून न्हाय."

"नाही."

"मी माझ्या पोराला चार वर्षं पाजलं, मामा. लोक हसत हुते." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "तुम्ही त्या दिवशी जाजमावर हुता न्हवं? आजी बोलत हुती तवा?"

"होतो."

चहा तसाच ठेवून ती उठली. त्याच आठवड्यात तिनं रक्त दिलं. जनुक तिच्यातही आहे, गाठ नाही. आता ती नियमानं तपासणीला जाते आणि तिथून मला फोन करून फक्त "ठीक आहे" एवढं सांगते. त्याहून जास्त बोलावं असं मी काही केलेलं नाही.

भाचा मात्र सगळं ऐकून झाल्यावर बोटांनी तंबाखू मळत म्हणाला, "मामा, ते बायकांचं हाय. आमाला काय करायचंय?"

"तुला दोन मुली आहेत."

"त्यांच्या आईच्या माहेरात कुणाला न्हाय. इचारून घेतलंय लग्नातच." आणि त्यानं चिमूट ओठाखाली ठेवली.

त्याला मी काय सांगणार? जे तो बोलला ते आमच्याकडच्या जाजमांवरूनच शिकलेला आहे, आणि त्यातला निम्मा अभ्यासक्रम माझा. दोनदा त्याच्या दुकानात जाऊन आलो. त्यानं दोन्ही वेळा मला चहा पाजला आणि फरशांचे नवे नमुने दाखवले.

माझ्या मुलांना एक सांगून ठेवलं आहे. मी गेल्यावर भेटायला लोक येतील, जाजमावर टेकतील, खाली बघतील आणि विचारतील. तेव्हा 'वय झालं होतं' असं म्हणायचं नाही. काय झालं होतं त्याचं नाव घ्यायचं, आणि तिथंच, त्याच दमात, आप्पांना काय झालं होतं तेही सांगून टाकायचं. तंबाखूला त्या दिवशी सोडून द्यायचं; त्याच्यावर इतर गुन्हे भरपूर आहेत.

तोवर थांबायला मला वेळ नाही, म्हणून हे लिहिलं. भाचा काही वाचत नाही. त्याच्या मुली वाचतात.